जुना ई-रीडर घेतांना

जुनी वस्तु विकत घेण्यांत कमीपणा मानण्याचे दिवस गेले, आणि तें बरेंच झालें. थोरल्या भावाचीं पुस्तकें धाकट्यानें वापरावीं, आत्याकडचा पाळणा भाचीकडे जावा, ही आपल्या एकत्र कुटुंबांची रीतच आहे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकांतून जुनीं क्रमिक पुस्तकें आणून शिकलेले कितीतरी विद्यार्थी पुढें नांवारूपास आले. तेव्हां पुस्तकें वाचण्याचें यंत्र जुनें घेण्याचा विचार एखाद्या घरांत निघाला, तर त्यांत वावगें कांहींच नाहीं. प्रश्न फक्त एवढाच, कीं तें यंत्र विकणाराचें स्वतःचें आहे काय?

ई-रीडर म्हणजे केवळ वाचनासाठीं केलेलें यंत्र. त्याचा पडदा फोनच्या पडद्यासारखा चकाकत नाहीं. छापील कागदाप्रमाणें तो उन्हांतहि स्वच्छ वाचतां येतो. अक्षर हवें तेवढें मोठें करतां येत असल्यामुळें दृष्टि मंदावलेल्या आजीआजोबांना तो फार सोयीचा वाटतो. ॲमेझॉन कंपनीनें आपलें ‘किंडल’ २००७ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत विक्रीस आणलें; २०१६ च्या डिसेंबरांत त्यावर मराठी पुस्तकांचें स्वतंत्र दालन सुरू झालें. भंडारा जिल्ह्यांतील पवनीसारख्या तालुक्याच्या गांवीं, जेथें हवें तें मराठी पुस्तक पुष्कळदां नागपुराहून मागवावें लागतें, तेथें अशा यंत्राचें मोल अधिकच. परंतु नव्याची किंमत सर्वांस झेपणारी नसते. २०२५ च्या एप्रिलांत हिंदुस्थानांत आलेल्या नव्या किंडल पेपरव्हाइटची किंमत १६,९९९ रुपये होती. साहजिकच दृष्टि जुन्याकडे वळते. आणि तेथेंच सावधपणाची गरज उत्पन्न होते.

नांव वस्तूवर, नांव वस्तूच्या आंत

मालकीची खूण वस्तूवरच करून ठेवण्याची माणसाची पद्धति फार जुनी आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० सालीं उत्खनन झालें, त्यांत एक मोठा प्राचीन बौद्ध स्तूप उजेडांत आला; त्याच्या दगडी कठड्यांवर दान देणारांचीं नांवें ब्राह्मी लिपींत कोरलेलीं आढळलीं. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपटहि पवनीस मिळालेला आहे. ताम्रपट म्हणजे तरी काय? कोणी, कोणाला, काय दिलें, याचा न पुसला जाणारा दाखला. आपल्या घरांतलीं पुस्तकें पाहिलीं, तरी पहिल्या पानावर कोणाचें तरी नांव व साल आढळतें. ग्रंथालयाच्या पुस्तकावर शिक्का असतो, आणि रस्त्यावरच्या विक्रेत्याकडे असा शिक्का दिसला कीं जाणता गिऱ्हाईक तें पुस्तक खालीं ठेवतो.

ई-रीडरवर अशी खूण बाहेरून दिसत नाहीं. सर्व यंत्रें एकसारखीं काळीं आणि गुळगुळीत. तथापि मालकाचें नांव त्याला असतेंच. तें वस्तूवर नसून वस्तूच्या आंत, आणि त्याहून खरें सांगावयाचें तर कंपनीच्या दप्तरीं असतें. प्रत्येक किंडलला सोळा अक्षरांकांचा एक अनुक्रमांक असतो, आणि यंत्र सुरू करतांना तो मालकाच्या खात्याशीं जोडला जातो. पुस्तकें विकत घेतलीं जातात तीं या खात्यावर. यंत्र हें केवळ तीं वाचण्याचें साधन. हें एवढें लक्षांत घेतलें, कीं पुढच्या साऱ्या खबरदारीचें मर्म आपोआप उलगडतें.

फोनला जी सोय आहे, ती येथें नाहीं

मोबाइल फोन जुना घेतांना आतां एक सरकारी आधार मिळतो. प्रत्येक फोनला पंधरा आंकड्यांचा आय.एम.ई.आय. क्रमांक असतो, फोनवर *#०६# दाबलें कीं तो दिसतो. चोरीस गेलेल्या फोनांचे क्रमांक नोंदवून ते साऱ्या कंपन्यांच्या जाळ्यांवर बंद पाडण्याची केंद्रीय नोंदवही दूरसंचार खात्यानें उघडली. तिचा महाराष्ट्रापुरता आरंभ १३ सप्टेंबर २०१९ रोजीं मुंबईंत झाला, आणि १६ मे २०२३ पासून ‘संचार साथी’ या नांवानें ती सोय देशभर खुली झाली. जुना फोन घेणारानें ‘के.वाय.एम.’ हीं इंग्रजी अक्षरें लिहून त्यापुढें फोनचा क्रमांक घालावा व तो संदेश १४४२२ वर पाठवावा. तो क्रमांक काळ्या यादींत आहे किंवा एकाहून अधिक फोनांवर वापरला जात आहे असें उत्तर आलें, तर तो फोन घेऊं नये.

पुष्कळांची समजूत अशी असते, कीं हीच तपासणी ई-रीडरलाहि लागू पडेल. तसें होत नाहीं. केवळ वायफायवर चालणाऱ्या ई-रीडरला आय.एम.ई.आय. क्रमांकच नसतो, आणि बाजारांतले बहुतेक ई-रीडर याच जातीचे आहेत. त्यांच्यासाठीं कोणालाहि चाळून पाहतां येईल अशी सरकारी नोंदवही नाहीं. आहे तें कंपनीचें खासगी दप्तर. मालकानें यंत्र हरवल्याचें किंवा चोरीस गेल्याचें कळविलें, तर ॲमेझॉन त्या अनुक्रमांकावर बंदी घालूं शकते, आणि मग तें यंत्र नव्या खात्याशीं जोडलें जात नाहीं. ज्यानें पैसे मोजून तें घेतलें असेल, त्याच्या हातीं पुस्तकांच्या दुकानाचें दार बंद झालेली एक काळी पाटी उरते. मूळ मालक कोण हें मात्र कंपनी परक्याला सांगत नाहीं, आणि तें योग्यच आहे. एकंदरींत फोनच्या बाबतींत जें काम सरकार करतें, तें ई-रीडरच्या बाबतींत गिऱ्हाइकानें स्वतः करावें लागतें.

कोरें यंत्र हा पुरावा नव्हे

विक्रेता बहुधा मोठ्या अभिमानानें सांगतो, "आंत कांहीं ठेवलेलें नाहीं, सगळें पुसून नव्यासारखें करून दिलें आहे." हें वाक्य ऐकून गिऱ्हाइकाचें समाधान होतें. वस्तुतः येथेंच त्यानें सावध व्हावें. आयपॅडसारख्या यंत्रांत २०१३ पासून अशी योजना आहे, कीं आंतील सर्व मजकूर पुसला तरी जुन्या मालकाचा परवलीचा शब्द दिल्याविना तें पुन्हां सुरू होत नाहीं. अँड्रॉइडवर चालणाऱ्या यंत्रांतहि २०१५ पासून तशी व्यवस्था झाली. किंडलची गोष्ट निराळी. ज्याच्या हातीं तें आहे, त्याला तें पुसून कोरें करतां येतें. परवलीचा आंकडा माहीत नसला तरीहि करतां येतें. रेल्वेच्या डब्यांत आसनावर विसरलेलें यंत्र सांपडलेल्या माणसानेंहि तें तसेंच कोरें करून आणलें असूं शकेल. कोरेपणावरून यंत्र स्वच्छ आहे एवढेंच सिद्ध होतें, व्यवहार स्वच्छ आहे हें नव्हे.

मग खऱ्या मालकाला असें काय करतां येतें, कीं जें दुसऱ्याला करतां येणार नाहीं? तीन गोष्टी आहेत. पहिली, त्याच्या खात्यांतील यंत्रांच्या यादींत हें यंत्र असतें. ‘डिव्हाइसेस’ या सदराखालीं त्याचा अनुक्रमांकहि दिसतो. दुसरी, मूळ खरेदीची नोंद किंवा बिल त्याच्याजवळ असतें, आणि त्यावर त्याचें किंवा घरच्या माणसाचें नांव व तारीख असते. तिसरी, तो आपल्या फोनवरून, आपल्या खात्यांत शिरून, आपल्या डोळ्यांदेखत यंत्राचें नांव काढून टाकूं शकतो. यांपैकीं एकटी पहिली गोष्ट पुरेशी नाहीं. कारण चोरही यंत्र कोरें करून स्वतःच्या खात्याशीं जोडूं शकतो. परंतु दोन वर्षांपूर्वींच्या खरेदीची नोंद त्याच्या खात्यांत कोठून येणार? तिन्ही गोष्टी एकमेकींशीं जुळल्या, तर मनांत शंका ठेवण्याचें कारण उरत नाहीं.

बिलावर अनुक्रमांक छापलेला असतोच असें नाहीं. म्हणून केवळ तो नाहीं एवढ्यावरून विक्रेत्यास खोटें ठरवूं नये. यंत्र भेट म्हणून मिळालें असेल, तर भेट देणाराकडचें बिल मागावें. खरा मालक अशा विचारपुशीनें रागावत नाहीं. उलट आपली वस्तु जाणत्या घरीं जात आहे, याचें त्याला समाधान वाटतें.

व्यवहाराचा क्रम

समजा, पवनीच्या एखाद्या कुटुंबानें नागपुरांतील विक्रेत्याची जाहिरात पाहिली. अंतर फार नसलें तरी प्रत्येक वेळीं जाणें होत नाहीं, आणि "आधीं पैसे पाठवा, यंत्र कुरिअरनें येईल" असा प्रस्ताव येतो. व्ही. पी. नें पुस्तकें मागविण्याची आपल्या घरांना जुनी संवय होती. परंतु पुस्तकाच्या मालकीचा प्रश्न त्या पुडक्यांत नसे. येथें मुख्य प्रश्न तोच आहे, आणि तो पुडकें फोडल्यावर सुटत नाहीं. म्हणून शहरांत शिकणारा पुतण्या, नोकरीवर असलेले जांवई किंवा एखादे स्नेही यांना आपल्या वतीनें पाठवावें. एकत्र कुटुंबाचा हा एक मोठाच लाभ आहे. कोणी ना कोणी आपलें माणूस सर्वत्र असतें. भेट दिवसा, लोकांची ये-जा असलेल्या ठिकाणीं व्हावी. जेथें इंटरनेट चांगलें चालतें, अशी जागा पाहावी. नाहीं तर तपासणी अर्धवट राहते आणि भिडेखातर पैसे दिले जातात.

जाणाऱ्या माणसाला पुढील क्रम कागदावर लिहून द्यावा.

१. यंत्राच्या ‘सेटिंग्ज’मध्यें ‘डिव्हाइस इन्फो’ उघडून अनुक्रमांक उतरून घ्यावा. मूळ खोकें असल्यास त्यावरील क्रमांकाशीं तो ताडून पाहावा.

२. विक्रेत्यास त्याच्या फोनवर खात्यांतील यंत्रांची यादी उघडावयास सांगावी, व तोच क्रमांक तेथें आहे ना हें पाहावें. त्यानें आधींच नांव काढलें असेल, तर मूळ खरेदीची नोंद दाखवावयास सांगावी.

३. विक्रेत्यानें समोरच यंत्राची नोंद रद्द करावी. यालाच ‘डीरजिस्टर’ करणें म्हणतात.

४. त्यानंतर घेणारानें स्वतःच्या खात्याशीं यंत्र जोडावें, आणि एखादें विनामूल्य पुस्तक उतरवून तें उघडतें कीं नाहीं हें पाहावें. बंदी घातलेलें यंत्र या पायरीवर अडतें.

५. शेवटीं पावती लिहून घ्यावी, आणि मगच पैसे द्यावे. पैसे रोख न देतां विक्रेत्याच्या नांवाच्या बँक-खात्यांत भरावे. म्हणजे दुसरा पुरावा आपोआप तयार होतो.

पावतीला वकिली भाषा लागत नाहीं. "हा ई-रीडर, अनुक्रमांक अमुक, मीं अमुक सालीं विकत घेतला असून तो माझ्या मालकीचा आहे. आज रोजीं तो अमुक रुपयांस अमुक यांना विकला व माझ्या खात्यांतून त्याची नोंद रद्द केली." खालीं तारीख, सही, पूर्ण नांव आणि फोनचा क्रमांक. एवढें लिहून देण्यास जो कांकूं करतो, त्याच्याशीं व्यवहार करूं नये.

स्वस्ताईमागचीं कारणें

अवाजवी स्वस्त किंमत हें पहिलें लक्षण. परंतु त्याहून फसवें लक्षण म्हणजे "पांचशें पुस्तकांसकट" अशी जाहिरात. वर सांगितल्याप्रमाणें विकत घेतलेलीं पुस्तकें खात्याचीं असतात. नोंद रद्द होतांच तीं यंत्रावरून निघून जातात. तेव्हां तीं पुस्तकें जर यंत्रासह मिळणार असतील, तर एक तर यंत्र अजून कोणाच्या तरी खात्याशीं जोडलेलेंच आहे, किंवा तीं पुस्तकें लेखक-प्रकाशकांना फसवून उतरविलेलीं आहेत. दोन्हीं प्रकार टाळण्याजोगे. त्याचप्रमाणें "याला इंटरनेटला जोडूं नका, नुसतें वाचावयास वापरा" असा सल्ला विक्रेत्यानें दिला, तर त्याचें कारण त्यालाच विचारावें. "मित्राचें आहे, तो परदेशीं गेला" हें खरेंहि असूं शकतें. मग त्या मित्रानें परदेशांतून आपल्या खात्यांतली नोंद रद्द करावी. त्याला जागेवरून उठण्याचीहि गरज नाहीं.

कायदा काय म्हणतो

१९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचें तत्त्व साधें आहे: विकणाराजवळ जेवढा हक्क असेल, त्याहून अधिक हक्क तो घेणाराला देऊं शकत नाहीं. चोराकडून घेतलेली वस्तु पूर्ण किंमत मोजली म्हणून आपली होत नाहीं; मालक आला तर ती परत करावी लागते, आणि पैशांसाठीं विक्रेत्याच्या मागें लागावें लागतें. विक्रेता सांपडावयासहि हवा, म्हणून पावतीवरील नांवाचें महत्त्व.

याहून गंभीर बाजू फौजदारी आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाप्रमाणें, माल चोरीचा आहे हें ठाऊक असतां किंवा तसें मानण्यास कारण असतां तो अप्रामाणिकपणें घेणें हा गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. "तसें मानण्यास कारण असतां" हे शब्द विशेष ध्यानांत घ्यावे. चोरीनंतर थोड्याच दिवसांत माल ज्याच्याजवळ सांपडतो, त्याला तो कसा आला हें सांगतां आलें नाहीं, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढूं शकतें; हें तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होतें, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि कायम आहे. प्रामाणिक गिऱ्हाइकानें भिण्याचें कारण नाहीं; परंतु आपला प्रामाणिकपणा दाखवितां यावा, एवढी तजवीज त्यानें ठेवावी.

आपल्या घरची बाजू

आतांपर्यंत घेणाराचा विचार झाला. परंतु आज जें घर घेणारें आहे, तेंच उद्यां गमावणारें किंवा देणारें होऊं शकतें. घरांत नवा ई-रीडर आला, कीं त्याच दिवशीं त्याचा अनुक्रमांक जमाखर्चाच्या वहींत लिहून ठेवावा. यंत्र हरवल्यावर क्रमांक शोधणें म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणें होय. वेष्टनाच्या आंतल्या बाजूस नांव आणि फोनचा क्रमांक लिहावा. पहिल्या पानावर नांव घालण्याची आपली जुनी चाल येथेंहि उपयोगी पडते. यंत्र हरवलें, तर कंपनीला ताबडतोब कळवावें व पोलिसांकडे नोंद करावी. रेल्वेंत विसरलें असल्यास १३९ या क्रमांकावर, आणि एस.टी. मध्यें विसरलें असल्यास आगारांत चौकशी करावी. जो मालक "गेलें तें गेलें" म्हणून स्वस्थ बसतो, त्याच्या आळसामुळें चोरीचा माल बाजारांत बिनबोभाट खपतो.

एकत्र कुटुंबांत यंत्र एकाच्या खात्याचें आणि वापरणारे चौघे, असा प्रकार नेहमींचा. मुलगा नोकरीच्या गांवीं नवें यंत्र घेतो आणि जुनें काकूंना पाठवितो. नोंद मात्र त्याचीच राहते. घरांत हें चालून जातें. परंतु पुढें काकूंनीं तें शेजारीं दिलें, तर शेजारच्या मुलाच्या एका बोटानें पुस्तक विकत घेतलें जातें आणि पैसे पुतण्याच्या खात्यांतून जातात. शिवाय तेंच यंत्र पुढें विकावयाचें झालें, तर प्रामाणिक घराच्या वस्तूवरहि चोरीच्या मालासारखा संशय येतो. म्हणून यंत्र घराबाहेर जातांना नोंद रद्द झालीच पाहिजे.

वडीलधाऱ्यांच्या यंत्राचा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्यांच्या माघारीं तें यंत्र त्यांच्याच नांवाला जोडलेलें राहतें, आणि परवलीचा शब्द कोणालाच ठाऊक नसतो. दागिने व ठेवी यांची टिपणी जशी वडील करून ठेवतात, तशीच या खात्यांचीहि करून ठेवण्यास त्यांना सुचवावें. त्यांत अशुभ कांहीं नाहीं. ती घराची व्यवस्था आहे.

आणि एखाद्या दिवशीं एस.टी.च्या बांकावर दुसऱ्याचा ई-रीडर आपल्याच मुलाला सांपडला तर? १८७२ च्या करार-कायद्याप्रमाणें सांपडलेली वस्तु जो ताब्यांत घेतो, त्याच्यावर ती ठेव म्हणून सांभाळण्याची जबाबदारी येते. ती वाहकाजवळ, आगारांत किंवा पोलीस ठाण्यांत द्यावी. तिच्या आंत कोणा आजोबांनीं अर्ध्यावर सोडलेलें प्रकरण असेल, कोणा विद्यार्थिनीनें परीक्षेसाठीं खुणा केलेलीं पानें असतील.

चोरीच्या मालाला गिऱ्हाईक मिळतें, म्हणूनच चोरी होते. आणि तें गिऱ्हाईक नेहमीं गुंडच असतें असें नाहीं. पुष्कळदां तो एखादा सुशिक्षित गृहस्थ असतो, ज्यानें चार हजार रुपये वांचतात एवढें पाहून पुढचा प्रश्न विचारला नाहीं. तो प्रश्न विचारण्यास पांच मिनिटें लागतात, व नोंद बदलून घेण्यास आणखी दहा. तेवढा वेळ ज्या घरीं दिला जाईल, त्या घरच्या ई-रीडरवर मुलें जें वाचतील, तें निर्धास्त मनानें वाचतील.